पैलवानाची थोरवी आणि त्याची जोड
(ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव यांची जीवनकथा)

विभागीय शालेय कुस्ती स्पर्धेसाठी मी मागे आमच्या शाळेची काही मुले घेऊन गारखेड्याच्या क्रीडा संकुलात गेलो होतो. नववीतला एक विद्यार्थी आपल्या वजनगटात तिसरा आला. परतताना पाहतो तो, त्याने मिळालेले प्रमाणपत्र दप्तरात पुस्तकांच्या मागे दडवून ठेवलेले. पुढे आठवड्याभराने त्याचे वडील मला शहागंजात भेटले. मुलाचे कौतुक करावे म्हणून मी विषय काढला, तर ते म्हणाले की, सर, तिसरा आला म्हणजे दोघांकडून हरलाच ना! मी त्यांना एवढेच विचारले की, तो कोणाकडून हरला हे त्याला विचारलेत का? त्यांनी ते विचारले नव्हते. खरे सांगायचे तर आपल्यापैकी फारच थोडे पालक ते विचारतात. गुणपत्रिका हाती आली की आपण क्रमांक पाहतो, पण वर्गात बरोबर कोण बसले होते ते पाहत नाही.

त्या दिवशी त्यांना जे रस्त्यात उभ्या उभ्या नीट सांगता आले नाही, ते या स्मरणिकेच्या पानांवर सविस्तर सांगावे असे मनात आले. त्यासाठी महाराष्ट्राच्या मातीतल्या एका अशा पैलवानाची हकीकत निवडली आहे की ज्याचाही क्रमांक तिसराच होता.

हा प्रश्न कुस्तीपुरताच आहे असे नाही. मुष्टियुद्धाचे शौकीन तर या एकाच गोष्टीवर रात्र रात्र वाद घालतात. अमेरिकेचा रॉकी मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती होत्या आणि ४९ च्या ४९ त्याने जिंकलेल्या होत्या. कागदावर पाहिले तर याहून मोठा मुष्टियोद्धा सापडणे कठीण. पण ज्या जो लुईला पाडून त्याचे नाव गाजले, तो लुई त्या वेळी, म्हणजे ऑक्टोबर १९५१ मध्ये, ३७ वर्षांचा होता आणि त्याचे उत्तम दिवस केव्हाच मागे पडले होते. उलट मुहम्मद अली आयुष्यात ५ वेळा हरला. तरीही जाणकार अलीला वरचे स्थान देतात, ते का? जॉर्ज फोरमनने १९७३ साली किंगस्टन येथे जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत लोळवले होते आणि ४० लढतींत तो एकदाही हरलेला नव्हता. त्या फोरमनला अलीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा शहरात आठव्या फेरीत जमिनीवर आणले. ज्या फ्रेझियरकडून अली १९७१ मध्ये हरला होता, त्याच्याशी तो पुन्हा दोनदा लढला व दोन्ही वेळा जिंकला. म्हणजे अलीचे मोल ठरवायचे तर फ्रेझियर आणि फोरमन यांचेही मोल आधी ठरवावे लागते. मार्सियानोचा यात काही दोष आहे असे मी म्हणत नाही. आपल्या काळात जे समोर आले त्यांच्याशीच माणूस लढणार. पण ४९ हा आकडा जितके सांगतो, त्याहून अधिक लपवतो, हेही खरे आहे.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात यासाठी एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे जोड. जत्रेत किंवा उरुसात हलगी कडाडू लागली की अनुभवी प्रेक्षक इनामाचा आकडा विचारत नाही, जोड कोणाची लागली हे विचारतो. वस्तादाची खरी अक्कल डाव शिकवण्यात जेवढी लागते तेवढीच जोड ठरवण्यात लागते. वजनाने, वयाने, तयारीने तोलामोलाची जोड लागली तर बरोबरीत सुटलेली कुस्तीदेखील लोक वीस वर्षे आठवतात. जोड हलकी असेल तर चितपट करूनही कोणी फेटा उडवीत नाही. आणि कुस्ती नुरा आहे असा नुसता संशय आला, तरी लोक उठून चालू लागतात.

गामा पैलवानांचे नाव आपल्या घराघरांतून वडीलधारी मंडळी घेत आली आहेत. त्यांच्याबाबतीतही हाच हिशोब आहे. १९१० साली ते लंडनला गेले. १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिश्कोबरोबर त्यांची लढत झाली, ती अडीच तासांहून अधिक चालली. त्यातला बहुतेक वेळ झ्बिश्को पोटावर पडून राहिला आणि निकाल लागला नाही. पुन्हा लढण्यासाठी १७ तारीख ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. लोक ही गोष्ट फार रंगवून सांगतात. पण माझ्या मते गामांचा खरा कस लागला तो रहीम सुलतानीवाला यांच्यापुढे. रहीम हे उंचीने गामांहून कितीतरी थोर आणि वयानेही वडील होते. या दोघांच्या कुस्त्या पुन्हा पुन्हा बरोबरीत सुटल्या आणि अखेर अलाहाबाद येथे गामांनी बाजी मारली. आपल्याला मिळालेली सर्वांत कठीण जोड म्हणून खुद्द गामाही रहीम यांचेच नाव घेत. झ्बिश्कोचे नाव साऱ्या जगाला ठाऊक झाले, रहीमचे मात्र फक्त कुस्तीच्या जाणकारांना. असो.

आता खाशाबांकडे वळू. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हापासून त्यांनी त्याला मातीत उतरवले. पुढे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत या शाळकरी मुलाने भूमिगतांची पत्रे पोहोचवण्याचे व त्यांना आसरा देण्याचे काम केले. घरची परिस्थिती शेतकऱ्याची, म्हणजे कशी ते सांगायला नको.

त्यानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. छत्रपती शाहू महाराजांनी तिथे तालमी वाढवल्या, खासबागेत कुस्तीचे प्रचंड मैदान बांधले आणि देशभरच्या मल्लांना आश्रय दिला. (आपल्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की याच शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे वसतिगृह उभे केले. तालीम आणि शाळा ही दोन्ही कामे त्यांना एकाच वेळी सुचली.) अशा गावात तालमीत रोज अंगावर येणारा गडीदेखील साधासुधा नसतो. खाशाबांना तिथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन मिळाले.

खाशाबा उंचीने ठेंगणे व अंगाने किरकोळ होते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडासंमेलनात कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून नाव घेण्यास काचकूच केली. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक पाडले. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे या प्रसंगातल्या क्रीडाशिक्षकांबद्दल मला राग येत नाही, भीती वाटते. आपणही रोज अशी किती नावे यादीत लिहून घ्यायचे टाळत असू!

खाशाबांची कुस्ती चपळाईची होती. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताचा विळखा घालून त्याला आपल्या अंगावरून फेकणे, हे ढाकेत साधावे लागते. ताकदीपेक्षा वेळ साधण्याचे काम अधिक. क्षणभर उशीर झाला तर डाव आपल्यावरच उलटतो.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. इथे एक गोष्ट पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. तोपर्यंत खाशाबा मातीत लढलेले होते. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागते, पकड घट्ट बसते, गडी थोडा दम खाऊ शकतो. लंडनला कुस्ती गादीवर होती. गादीवर अंग घामाने निसटते, पाय सरकतो आणि सगळे वेगाने घडते. नियमही निराळे. खेळ तोच दिसत असला तरी हिशोब वेगळा होता. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे जेवढे शिकवता येईल तेवढे शिकवले. या तुटपुंज्या तयारीवर खाशाबांनी ५२ किलोच्या गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले.

आता जोडीचा हिशोब करा. ऑस्ट्रेलिया हा काही कुस्तीचा देश नव्हे, तेव्हा हॅरिसवरच्या विजयाला फार मोल देऊ नये. अमेरिकेत मात्र शाळा-कॉलेजांतून गादीवरची कुस्ती रीतसर शिकवली जाते. आयुष्यभर गादीवर वाढलेल्या पैलवानाला महिन्या-दोन महिन्यांपूर्वी गादी पाहिलेल्या पैलवानाने हरवावे, ही खरी कामगिरी. आणि इराण म्हणजे जोरखान्यांचा, पहलवानांचा देश. तिथे कुस्ती माणसाच्या इभ्रतीशी जोडलेली आहे. रईसीकडून हरण्यात कमीपणा कसला? खाशाबा त्या वेळी सहावे आले.  पण सहावा म्हटल्यावर वर्तमानपत्राला तो मथळ्याचा विषय वाटत नाही.

परत आल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत वाढवली आणि वरचा, म्हणजे ५७ किलोचा गट धरला. वजन वाढवून वरच्या गटात जाणे म्हणजे आपणहून अधिक कठीण जोड मागून घेणे होय.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीवेळी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले. तो निकाल न्याय्य नाही असे खाशाबांचे म्हणणे होते. गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा चाचणी मिळवली. तिच्यात त्यांनी उंचापुऱ्या निरंजन दास यांना पाडून आपली जागा घेतली. निरंजन दास हे राष्ट्रीय दर्जाचे मल्ल होते, त्यामुळे या कुस्तीनंतर शंकेला जागाच उरली नाही. पंचांच्या वहीत गुण कमी-जास्त पडू शकतात, पण पाठ टेकली म्हणजे टेकली.

निवड झाली, पण जायचे कसे? सरकारदरबारी केलेल्या खटपटीला म्हणावे तसे यश आले नाही. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ सालचे ७००० रुपये! शिक्षकाच्या पगारात ते फेडायला किती वर्षे लागली असती याचा हिशोब मी करून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला. विद्यार्थी पदक आणील याची त्यांना कोणी हमी दिलेली नव्हती.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला हरवले. इथेही मी मघाचाच काटा लावतो. कॅनडा आणि मेक्सिको त्या काळी कुस्तीतले मोठे देश नव्हते. केवळ या दोन विजयांवर कोणी खाशाबांना थोर म्हणत असेल तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. श्मिट्झची गोष्ट वेगळी. महायुद्धामुळे १९४८ ला जर्मनीला ऑलिंपिकचे दार बंद होते. १९५२ ला जर्मन मल्ल परतले ते जुनी परंपरा आणि साचलेली भूक घेऊन. तिथे खाशाबांची किंमत वाढते.

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत दोषगुणांची पद्धत होती. हरणाऱ्याला अधिक, आणि चितपट न करता केवळ गुणांवर जिंकणाऱ्यालाही थोडे दोषगुण मिळत. ठरावीक दोषगुण साचले की मल्ल बाहेर पडे. म्हणून एक कुस्ती हरलेला लगेच बाद होत नसे, आणि नुसते कसेबसे जिंकत राहणाराही फार काळ टिकत नसे. अशा चाळणीतून ५७ किलोच्या गटात शेवटी तिघे उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह आणि आपले खाशाबा जाधव.

हे दोघे कोण होते ते जरा थांबून पाहू, कारण या लेखाचा सारा भार त्यांच्यावर आहे.

इशी हा मूळचा ज्युदोपटू. युद्धात हरल्यावर जपानमध्ये परकीय लष्कराचा अंमल आला आणि ज्युदोवर बंदी घातली गेली. तेव्हा तो कुस्तीकडे वळला. पकड, तोल आणि फेक यांचे लहानपणापासूनचे शिक्षण त्याच्या अंगात मुरलेले होते. जर्मनीप्रमाणे जपानलाही १९४८ ला ऑलिंपिकमध्ये येऊ दिले नव्हते. हेलसिंकीत जपानला एकच सुवर्णपदक मिळाले आणि ते याच इशीने मिळवले. युद्धानंतरचे जपानचे ते पहिले सुवर्ण. एक हरलेला देश ज्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, असा तो मल्ल.

ममदबेयोव्ह हा अझरबैजानचा. सोव्हिएत संघ त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता आणि त्याच्या मल्लांनी एकट्या कुस्तीत दोन्ही प्रकार मिळून ६ सुवर्णपदके नेली. काकेशसच्या त्या मुलखात कुस्ती लग्नकार्यातही खेळली जाते. त्यावर सरकारी प्रशिक्षण, सरकारी खुराक आणि सरकारी प्रवास. ७००० रुपयांसाठी तिकडे कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले नसेल.

त्या दिवशीची हकीकत अशी सांगतात की, इशीबरोबरची खाशाबांची झुंज पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ते हरले. ते गादीवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना ममदबेयोव्हशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण हा नियम दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना तिथली भाषा येत नव्हती, कागदपत्रांची रीत ठाऊक नव्हती. दमलेल्या अंगाने ते पुन्हा गादीवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

आता सांगा, तिसरा म्हणजे काय? त्या संपूर्ण स्पर्धेत खाशाबांना हरवणारे दोघेच, आणि ते दोघेच त्यांच्या वर उभे राहिले. तिसऱ्या कोणालाही ते साधले नाही. त्यातल्या एका लढतीत तर त्यांचा दम आधीच संपलेला होता. विश्रांती मिळती तर ते ममदबेयोव्हला हरवतेच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तसे म्हणणे त्या सोव्हिएत मल्लावर अन्याय होईल. पण त्या एका कुस्तीचा निकाल पाहून दोघांत थोर कोण हे ठरवता येत नाही, एवढे मात्र नक्की. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचेच केशव माणगावे पुढच्या वजनगटात चौथे आले. एका गावच्या दोन मल्लांनी जगात तिसरा आणि चौथा क्रमांक मिळवावा, यावरून त्या गावच्या तालमीतली रोजची जोड कोणत्या दर्जाची असेल याची कल्पना यावी.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. पण दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा पाडाव करून सुवर्णपदक जिंकले. बलबीर सिंग यांनी एकट्याने ५ गोल केले. साहजिकच सारा देश हॉकीच्या आनंदात बुडाला आणि खाशाबांचे कांस्य झाकले गेले. हॉकीवीरांचा तो मान रास्तच होता, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गोळेश्वरच्या लोकांना दिल्ली-मुंबईच्या मथळ्यांची गरज नव्हती. खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा १५१ बैलगाड्या सजून उभ्या होत्या. एरवी थोड्या वेळात पार होणारा तो रस्ता. मिरवणुकीला सात तास लागले. ढोल, लेझीम, हलगी, आणि गाडीत उभा असलेला त्यांचा ठेंगणा पोरगा! इशी कोण आणि ममदबेयोव्ह कोण हे त्या शेतकऱ्यांना कोणी सांगितले नसेल, पण जोड मोठी होती हे त्यांना कळले होते. कुस्ती पाहणाऱ्या गावाला ते आपोआप कळते.

परतल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जाचे. कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत लढून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवले. पदक कोणत्या पेटीत ठेवायचे हा विचार त्यांनी त्यानंतर केला असावा.

१९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकसाठी त्यांना जायचे होते, पण गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीमुळे ते राहून गेले. १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले होते. पुढची २७ वर्षे त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, तरुण मल्लांना शिकवले. बढत्या मात्र फार सावकाश मिळाल्या. सहायक पोलीस आयुक्त झाले ते निवृत्तीच्या तोंडावर. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश केला गेला, हाच काय तो हयातीतला मोठा सरकारी मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

मृत्यूनंतर पुरस्कार आले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, त्यानंतर अर्जुन पुरस्कार. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या पदकानंतर दुसरे वैयक्तिक पदक भारताला मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले. आणि महाराष्ट्राच्या दुसऱ्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळे याला. तोही कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि त्याचेही पदक कांस्यच. म्हणजे मधली ७२ वर्षे महाराष्ट्रातल्या साऱ्या वेगवान, बलवान, नेमबाज मुलामुलींना त्या तिसऱ्या क्रमांकाची बरोबरी करता आली नव्हती.

त्या नववीतल्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी पुढे शाळेत बोलावले आणि स्पर्धेचा तक्ता समोर ठेवला. त्यांचा मुलगा ज्या मुलाकडून हरला होता, तो पुढे राज्य स्पर्धेत अखेरच्या फेरीपर्यंत गेला होता. ते बराच वेळ तक्त्यावर बोट ठेवून नावे वाचत राहिले. मग त्यांनी विचारले की, हा गोळेश्वर गाव कराडपासून किती लांब, आणि तिथे खाशाबांचे घर अजून आहे काय. मी सांगितले की गाव कराडला लागूनच आहे आणि घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे. सुटीत मुलाला घेऊन जायचा त्यांचा विचार आहे.